रेडिओच्या लहरींवर सीमाभागाचाही हक्क



ऑगस्ट २०१९ च्या पुराची गोष्ट. वेदगंगा आणि दूधगंगा दोन्ही पात्राबाहेर पडल्या होत्या. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कुन्नूर-बारवाड, कारदगा-भोज या वाटांवरचे पूल-बंधारे पाण्याखाली गेले होते आणि यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले होते. वीज गेली, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मोबाईल बंद पडले. आमच्या माळ्यावर वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर होता. तो पुसून, सेल घालून सुरू केला, तशी शेजारची सात-आठ माणसे सोप्यात येऊन बसली. काळम्मावाडी आणि पाटगावच्या धरणांतून किती पाणी सोडले, एवढेच आम्हाला ऐकायचे होते. काटा इकडून तिकडे फिरवला. गाणी लागली, दिल्लीच्या बातम्या लागल्या, मधूनच नुसती खरखर. आमच्या नदीचे नाव त्या रात्री ऐकू आले नाही. पहाटे एकजण ट्रॅक्टरवरून आला आणि त्याने सांगितले की पाणी अजून चढणार आहे. तोवर खालच्या गल्लीतली जनावरे सोडवायला उशीर झाला होता.

धरणे महाराष्ट्रात, बुडणारी शेते कर्नाटकात आणि बुडणाऱ्यांची भाषा मराठी. अशा ठिकाणी वेळेवर माहिती पोचवायची कोणी? या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तर सीमाभागातल्या माणसाच्या हातात एक नवे आणि कायदेशीर हत्यार येते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे पत्र.

वृत्तवाहिन्या सीमाप्रश्न भडक करून दाखवतात, अशी तक्रार वाचक नेहमी करतात आणि ती खरी आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्रातल्या गाड्यांवर दगडफेक झाली. तीच दृश्ये दोन्ही राज्यांतल्या वाहिन्यांवर दिवसभर फिरत होती. कोल्हापूरला कॉलेजला जाणारी निपाणीची पोरे मात्र स्टँडवर उभी राहून विचारत होती, उद्या एसटी सुटणार का? त्याचे उत्तर एकाही पडद्यावर नव्हते. वाहिनीला प्रेक्षक हवा असतो. आम्हाला माहिती हवी असते. ही गरज जाहिरातींवर चालणारे माध्यम भागवील, अशी आशा करण्यात अर्थ नाही. ती भागवायला सार्वजनिक प्रसारण आहे आणि ते आपल्या मालकीचे आहे.

'मालकीचे' हा शब्द मी विचार करून वापरला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. वाद होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, एका बाजूला केंद्राचे माहिती व प्रसारण मंत्रालय आणि दुसऱ्या बाजूला बंगालची क्रिकेट संघटना. न्या. पी. बी. सावंत यांनी त्यात स्पष्ट लिहिले की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी नको, तशी पैसेवाल्यांचीही नको, असा त्या निकालाचा रोख होता. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याच्या १२ व्या कलमात देशातल्या विविध भाषा-संस्कृतींना पुरेसे स्थान देण्याचे आणि प्रत्येक राज्यात त्या राज्यातल्या भाषांमधून प्रसारण पोचवण्याचे कर्तव्य सांगितले आहे. 'भाषांमधून', म्हणजे एकाच भाषेतून नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणीची मराठी ही कर्नाटकात बोलली जाणारी भाषा आहे, हे तर कोणी नाकारू शकत नाही.

म्हणून बेळगाव जिल्ह्यात ऐकू येणाऱ्या आकाशवाणी केंद्रांवर मराठीला वेळ मिळावा, अशी माझी मागणी आहे. सीमालढ्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्यांना ती पटत नाही, हे मला माहीत आहे. 'कर्नाटकात मराठीला वेळ मागितला की कर्नाटकात राहणे मान्य केल्यासारखे होते,' असे ते म्हणतात. १९५६ पासून ज्यांनी घरदार पणाला लावले त्यांच्या भावनेला मी हात जोडतो. पण प्रसार भारती केंद्राची आहे, बेंगळुरूची नव्हे. ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला २००४ मध्ये. त्या वर्षी जन्मलेली मुले आज नोकरी शोधत आहेत. निकाल लागेपर्यंत त्यांनी मराठीत हवामान ऐकायचे नाही का? दाव्यातला एक शब्दही या मागणीने कमी होत नाही.

प्रसारणात आपल्या भाषेचा वाटा वेल्समधल्या लोकांनीही असाच मागितला. वेल्श भाषेची दूरचित्रवाणी वाहिनी देऊ, हे वचन ब्रिटिश सरकारने मोडले, तेव्हा शेकडो कुटुंबांनी टीव्हीचे परवाना शुल्क भरायचे नाकारले, काहींनी तुरुंगवास भोगला. १९८० मध्ये त्यांचे वयोवृद्ध नेते ग्विनफर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाची तारीखच जाहीर केली. थॅचरबाईंचे सरकार त्या तारखेआधीच नमले. वेल्श वाहिनी सुरू झाली तो दिवस १ नोव्हेंबर १९८२. दर वर्षी १ नोव्हेंबरला सीमाभागाचा काळा दिवस पाळत दंडाला काळी फीत बांधताना मला ही तारीख आठवते. आपल्याकडचे उदाहरण हवे तर जून २०२३ पाहा. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला, श्रोते आणि पत्रकारांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच तो थांबला.

दुसरा मार्ग सामुदायिक रेडिओचा. २००६ पासून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही त्याचा परवाना मिळतो. शंभर वॅटचे केंद्र साधारण दहा किलोमीटरवर ऐकू येते. म्हणजे निपाणीत मनोरा उभा राहिला तर यमगर्णी, अक्कोळ, जत्राटपर्यंतची गावे आली. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हा नियम मला जाचक वाटतो आणि तो जावा म्हणूनही भांडले पाहिजे. पण पूर, पाऊस, वीज, पाणी, वाहतूक, परीक्षा यांची स्थानिक माहिती देण्यास मुभा आहे. म्हसवडला माणदेशी महिलांचे केंद्र २००८ पासून चालते, जत तालुक्यात जालिहाळ बुद्रुकला येरळावाणी आहे. दुष्काळी माणदेशाला जमते ते तंबाखूच्या निपाणीला का जमू नये?

आणि ऐकणार कोण, असे विचारणाऱ्यांनी एकदा दुपारी आमच्या गल्लीत यावे. बायका उंबऱ्याशी सूप घेऊन बसलेल्या असतात. सुपात जर्दा आणि कापलेली पाने, दोन्ही हातांनी विडी वळायची, मग दोरा गुंडाळायचा. हजाराचा हिशेब असतो, हात थांबवून चालत नाही. जर्द्याच्या बोटांनी मोबाईल धरवत नाही. कान तेवढे मोकळे असतात. किमान मजुरी किती झाली, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज कुठे द्यायचा, लेकराच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख कोणती, हे त्या कानांना त्यांच्या बोलीत कोणी सांगत नाही. तसेच १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी नेते शरद जोशींबरोबर महामार्गावर बसलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले, तो दिवस त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांच्या तोंडून ते सांगणे जतन करायचे असेल तर फार वर्षे हातात नाहीत.

एक गोष्ट स्वच्छ सांगतो. जो न्याय आम्ही मागतो तोच महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषकांना मिळाला पाहिजे. सांगली-सोलापूरच्या आकाशवाणी केंद्रांनी त्यांना कन्नडमधून वेळ द्यावा. निपाणीत केंद्र झाले तर त्यावर कन्नडही असावी. पूर आला की शेजारच्या कन्नड घरातही पाणी शिरते.

सीमाभागातली वाचनालये, तरुण मंडळे, महिला बचत गट यांना माझी विनंती आहे की प्रत्येकाने माहिती अधिकारात एक अर्ज टाकावा. बेळगाव जिल्ह्यात ऐकू येणाऱ्या आकाशवाणी केंद्रांवरून आठवड्याला किती मिनिटे मराठी कार्यक्रम होतात? पुराच्या काळात धरणांच्या विसर्गाची माहिती कोणत्या भाषेत आणि किती वेळा दिली जाते? निपाणी तालुक्यातून सामुदायिक रेडिओसाठी आजवर किती अर्ज आले आणि त्यांचे काय झाले? तीनच प्रश्न. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. माझा अर्ज मी काल टपालाने पाठवला आहे. उत्तर येईल ते जसेच्या तसे आपल्याकडे पाठवीन, ते छापावे ही विनंती.

— एक श्रोता, निपाणी