धान आपले, कोंडा परक्याचा

भंडारा जिल्ह्यातील कास्तकारास धानाविषयी नवे सांगावे असे थोडेच आहे. तथापि गिरणीतून परत येताना त्या धानाचा कोणता अंश आपल्या ताटापर्यंत पोचतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तूस निघणे अवश्यच. पण त्याखालचा कोंडाही घासून काढवून आपण तांदूळ मोत्यासारखा करवितो. तो कोंडा जनावरांच्या खाद्यास व तेलाच्या कारखान्यास जातो, आणि पोट साफ होत नाही म्हणून आपण चूर्णाच्या पुड्या विकत आणतो!

मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू वसती करून असतात. आपणांस न पचणारा चोथा हे त्यांचे अन्न. तो आंबवून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. पोट आणि मेंदू यांस जोडणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे. त्यातून खाली येणाऱ्या हुकमांपेक्षा वर जाणाऱ्या वार्ताच कितीतरी अधिक. (तलाठ्याकडून तहसिलीस किती कागद जातात हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचे नवल वाटणार नाही.) कोंड्याने चिंता दूर होते असे कोणी छातीठोक सांगेल तर ते मानू नये, परंतु मलावरोधाने मनुष्य किती चिडखोर होतो, हे घरच्या मंडळीस विचारावे.

मज्जातंतूंची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. जावा बेटात डॉ. आइकमान यांस १८९० नंतरच्या दशकात असे दिसले की, घासलेल्या तांदळाच्या भातावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्यासह तांदूळ देताच त्या बऱ्या होतात. याच शोधामुळे त्यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शेजारी वर्ध्यास १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, तो केवळ सूत कातणाऱ्यांचा छंद नव्हे.

हा तांदूळ शिजण्यास वेळ घेतो, आणि कोंड्यातील तेलामुळे लवकर खवट होतो, ही तक्रार खरी आहे. व्यापाऱ्यास ती अडचण मोठी. ज्याच्या कणगीत धान आहे त्यास मुळीच नाही. त्याने महिन्यापुरतेच भरडून आणावे. तूस काढण्याचे व घासण्याचे यंत्र जेथे निराळे आहे, तेथे दुसरे बंद ठेवण्यास गिरणीवाल्यास काही खर्च येत नाही. एकट्याच्या एका पोत्यासाठी तो यंत्र थांबविणार नाही. परंतु गावातील दहा-वीस घरांनी मिळून आठवड्याचा एक दिवस मागितल्यास नकार देणे त्यास कठीण जाईल. ही मागणी आपल्या मंडळाने येत्या मळणीपूर्वीच करावी.