आधी ब्रेक, मग इंजिन

आमच्या हॉस्टेलमध्ये रात्री साडेअकरानंतर दोनच विषय निघतात. एक मेसची भाजी आणि दुसरा गाड्या. भाजीबद्दल सगळ्यांचं एकमत असल्यामुळे वाद नेहमी गाडीवरच होतो!

यावेळचं निमित्त माझा रूममेट. त्याच्या आजोबांची १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप गावाकडे गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, फुगीर मडगार्ड, इंजिन धूर काढत का होईना पण चालू. (जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ ते १९५४ जोडणीचा कारखाना होता, त्यामुळे जुन्या शेवरोले आपल्याकडे अधूनमधून दिसतात.) साहेबांचा बेत असा, की अपघातात गेलेल्या एखाद्या एसयूव्हीचं इंजिन भंगारातून आणायचं आणि हिच्यात बसवायचं. अमेरिकेत याच गाडीत ५.३ लिटरचं व्ही-८ बसवतात म्हणे, मग आपण का नाही?

खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही त्याच्याच बाजूने होतो. जुनं इंजिन २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर आणि ताकद नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर. अमेरिकन ट्रकमधलं ते व्ही-८ देतं २८५. वर गंमत म्हणजे जुना आकडा ग्रॉस आहे, पंखा-सायलेन्सर न लावता मोजलेला, आणि नवा नेट. म्हणजे फरक तिपटीहूनही जास्त. कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही?

मग आम्ही वर्कशॉपमधल्या मामांना विचारायला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पळवाल रे. थांबवणार कशी?"

त्यावर आम्ही दोघं गप्प! पहिल्या वर्षी शिकलेलं आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ऐंशीवरून एकशे दहावर गेलात तर वेग दीडपटही होत नाही, पण थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ती सगळी उष्णता जाणार कुठे? तर चारही चाकांच्या जुन्या ड्रममध्ये. ड्रम तापले की ब्रेक मंदावतात. बूस्टर नाही, पायाचा जोर तेवढाच खरा. मास्टर सिलिंडर फळीखाली आणि सर्किट एकच, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकं गेली. घाटात उतरताना हे झालं तर? परीक्षेत आपण हे गणित मार्कांसाठी सोडवतो, पण या गाडीत रूममेटची आई बसणार आहे.

पुढचं ऐका. हिचा प्रोपेलर शाफ्ट उघडा नाही, तो जाड नळीत बंद आहे. नवा गिअरबॉक्स त्याला जुळत नाही, म्हणून शाफ्ट बदला, त्याबरोबर मागचा ॲक्सल बदला. गिअरबॉक्सला आधार द्यायला चासीत नवा क्रॉसमेंबर घाला. विजेची व्यवस्था सहा व्होल्टची, इंजेक्शन आणि कॉम्प्युटरला बारा व्होल्ट पाहिजेत. जुना पेट्रोल पंप देणार चार-पाच पीएसआय, त्या व्ही-८ ला लागतात अठ्ठावन्न. रेडिएटर वेगळाच. म्हणजे इंजिनाची किंमत विचारून बजेट मांडणारा माणूस फक्त पहिला हप्ता मोजत असतो. अशी इंजिन काढलेली, अर्धवट कापलेली गाडी मग वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केले की तो मान गेला. अर्थात व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरे. माझ्या रूममेटला हेच खुपतं. त्याचं म्हणणं, "शोकेसमध्ये ठेवायची असेल तर आजोबांनी फोटोच ठेवला असता की!" यात त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही. गाडी चालण्यासाठीच असते.

आणि जुनं इंजिन म्हणजे देव असंही मी मानत नाही. त्या २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या टोकाला चमच्यासारखे डिपर असतात, ते तेल उचलतात. बेअरिंग ओतीव बॅबिटची. असं इंजिन हायवेवर तासन् तास पिळलं तर कुरकुरणारच. अमेरिकेतले अनुभवी लोक त्याच कुळातलं २३५ घनइंची इंजिन बसवतात. १९५४ पासून त्यात पूर्ण दाबाखाली तेल फिरतं आणि ते थोड्या फेरफाराने बसतंही. तरी आपल्याकडे नियमांचा प्रश्न उरतोच. पण निदान ती वाट गाडीच्या स्वभावाला धरून आहे. एसयूव्हीचं इंजिन घालून, मागचा ॲक्सल बदलून, चासी कापून जे उरेल त्याला मी आजोबांची गाडी म्हणणार नाही. पत्रा आजोबांचा, एवढंच.

आम्हाला मॅकेनिकलवाल्यांना इंजिनाचं भारी वेड. मेसमध्ये पीव्ही डायग्रॅमवर तावातावाने भांडणारा एकही जण व्हील सिलिंडरवर बोलताना मी ऐकलेला नाही. मीसुद्धा बोललो नव्हतो.

सध्या तह झालाय तो असा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं त्याच्या गावी जाणार. चारही ड्रम उघडायचे, सगळे पाइप आणि रबरी सील नवे टाकायचे, मास्टर सिलिंडर खोलून बघायचा. मामांनी होनिंगचं टूल द्यायचं कबूल केलंय, परत आणायच्या अटीवर. इंजिनाबद्दल रूममेट अजून माझ्याशी सहमत नाही. भंगारवाल्याचा नंबर त्याने मोबाइलमध्ये जपून ठेवलाय.