तीन ‘नेत्र’, पहारा चोवीस तासांचा

शत्रूचे विमान वा क्षेपणास्त्र जमिनीलगत उडत आले, तर जमिनीवरील रडारला ते फार उशिरा दिसते. दोष पृथ्वीच्या गोलाईचा. तीस मीटर उंच मनोऱ्यावरील रडारचे क्षितिज जेमतेम २३ किलोमीटरवर संपते. तेच रडार नऊ किलोमीटर उंचीवर नेले, की ते ३९० किलोमीटरच्या आसपास जाते. टेहळणी विमानांचा सारा खटाटोप या साध्या भूमितीसाठी असतो.

भारताने त्यात हात घातला तो गेल्या शतकातच. अ‍ॅव्रो विमानाच्या पाठीवर फिरता घुमट बसवून ‘डीआरडीओ’ने १९९० मध्ये उड्डाणे सुरू केली. ११ जानेवारी १९९९ रोजी हे विमान तमिळनाडूतील अरक्कोणमजवळ कोसळले आणि चार शास्त्रज्ञ व हवाई दलाचे चार अधिकारी मृत्युमुखी पडले. या विषयातील अनुभवी माणसे देशात मोजकीच होती. त्यांच्यासोबत तो कार्यक्रमही संपला.

नव्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली २००४ मध्ये. ब्राझीलच्या एम्ब्राएर-१४५ विमानावर बसवलेली ‘नेत्र’ यंत्रणा हवाई दलाच्या हाती आली फेब्रुवारी २०१७ मध्ये. तेरा वर्षे! पण हे काम रडार विमानावर स्क्रूने आवळण्याइतके सोपे नसते. पाठीवरील लांबट अँटेना हवेचा प्रवाह बदलते, तिला लागणारी वीज आणि तिची उष्णता लहान विमानात सामावावी लागते. खालच्या डोंगर-इमारतींवरून परतणाऱ्या लहरींच्या कल्लोळातून हलते लक्ष्य वेगळे काढायचे असते. शिवाय शत्रूचे रडार-संदेश टिपणारी व मित्र-शत्रू ओळखणारी उपकरणे शेजारीच असतात; ती एकमेकांना बाधू नयेत, हे वेगळेच.

२००४ मध्येच इस्रायलशी ‘फाल्कन’ रडारचा करार झाला होता आणि पहिले विमान २००९ मध्ये आलेही. मग घरचा उपद्व्याप कशाला? युद्धात शत्रू आपल्या लहरींची तऱ्हा बदलतो. त्याला उत्तर म्हणून रडारची आज्ञावली रातोरात बदलायची असेल, तर ती आपल्या हातात हवी. या एका कारणासाठी तेरा वर्षांचा विलंबही सोसण्याजोगा ठरतो.

सोसण्याजोगी नाही ती संख्या. बांधली गेली तीन ‘नेत्र’, ‘फाल्कन’ही तीनच. हवेत इंधन भरले नाही, तर ‘नेत्र’ सुमारे पाच तास उडते. एकाच टापूवर दिवसरात्र नजर ठेवायची, तर जाण्यायेण्याचा वेळ धरून सहा-सात उड्डाणे लागतात आणि आपल्याला सीमा दोन आहेत. २०२१ मध्ये केंद्राने एअर इंडियाच्या सहा जुन्या ए-३२१ विमानांवर पुढची यंत्रणा बसवण्यास संमती दिली. ‘नेत्र’चीच गती कायम राहिली, तर त्यातले पहिले विमान मिळायला २०३४ उजाडेल.