रजोनिवृत्ती, अपत्यधारणा आणि आपले मौन



आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर साडी, सोने आणि भाजीच्या भावाची चर्चा मोकळेपणाने होते. पाळी जाण्याविषयी मात्र आम्ही अजूनही कुजबुजतोच. या मौनात दोन परस्परविरोधी गैरसमज वाढतात. पहिला, पाळी सुरू आहे तोवर मूल होईलच. दुसरा, पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहण्याची शक्यता संपली.

वस्तुस्थिती निराळी आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत ती ३ ते ४ लाख उरतात. पस्तिशीनंतर त्यांची संख्या व गुणवत्ता झपाट्याने घटते. म्हणजे रजोनिवृत्तीच्या कितीतरी वर्षे आधी, पाळी नियमित असतानाही, गर्भधारणा अवघड होते. उलट, पाळी अनियमित झालेल्या काळातही अधूनमधून बीज सुटतेच. म्हणून सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती झाली असे मानतात. आणि पन्नाशीच्या आत ती झाल्यास गर्भनिरोधन २ वर्षे चालू ठेवण्याचा सल्ला देतात.

अमेरिकेत रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ५१, तर भारतात ४६-४७ आहे. उच्चशिक्षणासाठी विवाह लांबवणाऱ्या आमच्या लेकींनी आपल्या आईची पाळी कोणत्या वयात गेली, हे अवश्य विचारावे. त्यातून स्वतःविषयी काहीसा अंदाज येतो. न्यू जर्सीत २००१ च्या कायद्याने अनेक विमा योजनांत वंध्यत्वावरील उपचार समाविष्ट झाले आहेत. आपली योजना त्यात मोडते का, हे वेळीच तपासावे.

इथे प्रश्न माहितीचा आहे. बीडमध्ये तो पोटाचा आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती तपासली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पुष्कळ जणी चाळिशीही न गाठलेल्या होत्या. मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा पडला की दंड, फडाजवळ ना पाणी ना आडोसा; अशा स्थितीत अंगावरून जाण्याच्या साध्या तक्रारीवरही शस्त्रक्रिया सुचवली गेली. गर्भपिशवी गेली की मातृत्व कायमचे संपते. अंडाशय राखले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. तेही काढले तर ती तत्काळ येते, आणि ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. कष्टकरी स्त्रीचे शरीर हा सार्वजनिक न्यायाचा विषय आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

म्हणून वाचक भगिनींनो, आणि बंधूंनोही, घरात हा विषय काढा. गावी फोन कराल तेव्हा बहिणीला, वहिनीला, मावशीला एवढे सांगा, की गर्भपिशवी काढायला कोणी सांगितले तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, आणि अंडाशय ठेवणार की काढणार हे स्पष्ट विचारा. हुंडीपेक्षा कित्येकदा हा एक प्रश्न अधिक मोलाचा ठरेल.

नमो बुद्धाय.