जोड कोणती हवी?

लीगची शेवटची फेरी जवळ आली की आपल्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एक वेगळीच जमात उगवते. एरवी ज्यांना मॅथ्स-थ्रीमध्ये केटी लागलेली असते, ती मंडळी त्या आठवड्यात एकदम गणितज्ञ होतात. "आपण हरलो, गोवा जिंकली, तर सेमीला हे येतील, मग फायनलला ते..." जर्नलच्या पाठकोऱ्या पानांवर तक्ते मांडले जातात. कोण समोर आलेलं बरं आणि कोण नको, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद. मीही त्यातलाच, तेव्हा खालची सगळी टीका आधी माझ्यावर.

या प्रकाराला इंग्लिशमध्ये 'मॅचअप' म्हणतात. मराठी शब्द मला काही सुचेना (कॉन्व्हेंटचे संस्कार, दुसरं काय!). आजोबांना फोन केला. आजोबा सातारकडचे, तरुणपणी जत्रेच्या फडात उतरलेले. म्हणाले, "अरे, जोड म्हण. कुस्तीला जोड लावतात." मग त्यांनी विचारलं, "पण तुमच्यात जोड लावतं कोण?" मी म्हटलं, "लीग लावते, पण पब्लिक मनातल्या मनात आपापली लावतं." त्यावर आजोबा हसले आणि म्हणाले, "हलकी जोड मागणाऱ्या पैलवानाला आमच्याकडे फडात कुणी विचारत नसे."

हे वाक्य मला थोडं लागलं. कारण २०२४ च्या एप्रिलमध्ये मी हलकी जोड मागितली होती.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. इंडियन सुपर लीगची शेवटची फेरी, १५ एप्रिल २०२४, सोमवार. आपली मुंबई सिटी ४७ पॉइंटांवर, मोहन बागान ४५ वर. दोघांचा शेवटचा सामना एकमेकांशीच, तोही कोलकात्यात सॉल्ट लेकवर. नुसता ड्रॉ केला तरी लीग शील्ड आपली. पण त्या लीगमध्ये तेव्हा शील्डनंतर प्लेऑफ आणि मग कप अशी दुसरी लढाई असायची. पहिला आला त्याला सेमीत ओडिशा किंवा केरला, दुसरा आला त्याला गोवा किंवा चेन्नईयिन. आमच्या तक्त्यांचं उत्तर असं निघालं, की दुसरं येण्यात फारसा तोटा नाही. मी तर सामन्याआधीच टीव्ही रूममध्ये जाहीर केलं, "हरलो तरी चालेल."

आणि हरलो. लिस्टन कुलासोने एक मारला, जेसन कमिंग्सने दुसरा, आपल्या छांगतेने ८९ व्या मिनिटाला एक फेडला, पण उशीर झाला होता. २-१. शील्ड गेली आणि तिच्याबरोबर एएफसी चॅम्पियन्स लीग टूची जागाही गेली. तेव्हा मी काय म्हणालो? "बरंच झालं, आता गोवा मिळेल."

माझा रूममेट कोलकात्याचा, कट्टर बागानवाला. तो सामना जिंकलेला होता, नाचायला मोकळा होता. पण नाचायचं सोडून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "अपनी टीम हारी और तू बोलता है बरं झालं?" (दोन सेमिस्टरमध्ये तो एवढं मराठी शिकला होता. शिव्या धरल्या तर जास्त.)

आता पुढचं बघा. मला 'हवी' असलेली गोव्याची टीम २४ एप्रिलला मडगावात नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होती. टीव्ही रूम रिकामी होत आली होती. मेसचे काका रिमोट शोधत होते. आणि मग छांगते, विक्रम प्रताप सिंग, पुन्हा छांगते... सहा-सात मिनिटांत तीन गोल! ३-२! जिने उतरून गेलेली पोरं उलटी पळत वर आली. आपण वाचलो, पण माझ्या तक्त्यात यातलं काहीच नव्हतं. तक्त्यात गोवा 'सोपी' होती.

तरी अक्कल आली का? नाही! दुसऱ्या सेमीत ओडिशाने बागानला घरच्या मैदानावर २-१ ने हरवलं आणि आमच्या विंगमध्ये रातोरात सगळे ओडिशाचे भक्त झाले. ज्यांना भुवनेश्वर नकाशावर दाखवता येणार नाही, तेसुद्धा. २८ एप्रिल, रविवार, परतीचा सामना. बागान १-० ने पुढे, म्हणजे एकूण बरोबरी. आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो, की एक्स्ट्रा टाइममध्ये तरी ओडिशाने काढावं. स्टॉपेज टाइममध्ये साहलने गोल केला आणि तीस पोरांच्या तोंडून एकदम "श्या!" निघालं. आमची टीम अजून फायनलला पोचलेलीही नव्हती आणि आम्ही फायनल हरल्यासारखे झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी आमचा परतीचा सामना अंधेरीला. आम्ही पाच जण गेलो. घोडबंदरहून अंधेरी म्हणजे काशीमिऱ्यापर्यंत रिक्षा, हायवेवर बस पकडून दहिसर, तिथून मेट्रोने गुंदवली आणि पुन्हा गाडी बदलून आझाद नगर. गोव्याला २-० ने हरवलं, मुंबई फायनलला. परतीच्या मेट्रोत गळ्यात स्कार्फ घातलेली निम्मी गाडी 'बागान आहे बाबा, सॉल्ट लेकवर आहे बाबा' असं पुटपुटत होती. जिंकून आलेले लोक इतके घाबरलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

४ मे २०२४. ६० हजारांवर प्रेक्षक, जवळपास सगळे त्यांचे. हाफटाइमच्या तोंडावर कमिंग्सने गोल केला. रूममेट शांत, मी पांढरा. मग ५३ व्या मिनिटाला परेरा डियाझ, ८१ व्या मिनिटाला बिपिन सिंग, आणि अगदी शेवटी वोयतुश. ३-१.

माझा मुद्दा इथेच आहे. २८ तारखेला आमचं देवाने ऐकलं असतं आणि ओडिशा फायनलला आली असती, तर कप कदाचित आपण जिंकलोही असतो. पण १५ एप्रिल तसाच राहिला असता, कायमचा. ज्या मैदानावर, ज्या टीमकडून शील्ड घालवली, तिथेच तिलाच हरवून कप आणण्यात जे होतं, ते दुसऱ्या कुठल्याच जोडीत मिळालं नसतं. आणि ती जोड होऊ नये म्हणून मी नवस बोलत होतो. अख्ख्या विंगमध्ये फायनलला मुंबईच यावी असं म्हणणारा एकटा माझा रूममेट होता. २०२१ च्या फायनलमध्येही बिपिनने शेवटच्या मिनिटाला गोल करून बागानकडून कप नेला होता, त्याचा हिशेब त्याला चुकवायचा होता. तो हरला, पण त्याने जे मागितलं होतं तेच त्याला मिळालं.

गणित करू नका असं मी म्हणत नाही. गणितात मजा आहे, आणि व्हायवाला कुठला एक्स्टर्नल येणार याची चौकशी करणाऱ्यांनी फुटबॉलवाल्यांना हसू नये. माझी तक्रार आहे ती 'आपण हरलो तरी चालेल' या ओळीबद्दल. २०१८ च्या वर्ल्ड कपला इंग्लंड आणि बेल्जियमच्या शेवटच्या गट सामन्याआधी हेच चाललं होतं, की हरणाऱ्याला सोपी बाजू मिळणार. इंग्लंड १-० ने हरलं, सोपी बाजू मिळाली, आणि सेमीत क्रोएशियाने घरी पाठवलं. बेल्जियमने अवघड बाजूत ब्राझीलला काढलं आणि तिसऱ्या जागेसाठी इंग्लंडलाच पुन्हा २-० ने हरवलं. ही ओळ खेळाडूंपर्यंत पोचली की काय होतं तेही जगाने पाहिलंय. जून १९८२, स्पेनमधलं खिहोन. पश्चिम जर्मनी १-० ने पुढे गेली. तेवढ्या स्कोअरवर ती आणि ऑस्ट्रिया दोघंही पुढे जात होते आणि अल्जीरिया बाहेर. उरलेला सामना दोघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत काढला. तेव्हापासून, १९८६ च्या वर्ल्ड कपपासून, गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी ठेवतात. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "ही तर नुरा कुस्ती."

विरुद्ध बाजूचे वकील लगेच पोर्तुगाल काढतील, आणि ते खोटं नाही. २०१६ च्या युरोला पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने ड्रॉ केले, आइसलँडच्या शेवटच्या क्षणी झालेल्या गोलमुळे ते तिसरे आले आणि त्यामुळेच त्यांना हलकी बाजू मिळाली. कप त्यांनीच नेला. नशीब असतं, मान्य. पण पोर्तुगाल तिसरं येण्यासाठी खेळत नव्हतं.

बाय द वे, मी पूर्ण सुधारलो असं समजू नका. ११ मार्च २०२५ ला मुंबईने लीगचा शेवटचा सामना बंगळुरूला जाऊन २-० ने जिंकला आणि कसाबसा सहावा नंबर गाठला. प्लेऑफला समोर पुन्हा बंगळुरू, त्याच मैदानावर. मी टीव्ही रूममध्ये उभा राहून म्हणालो, "हीच हवी होती! आत्ताच तर धुतलंय!"

२९ मार्चला ५-० ने हरलो. पाच! दुसऱ्या दिवशी पाडवा होता, सबमिशनमुळे घरी न गेलेले आम्ही आठ-दहा जण मेसमध्ये. रूममेटने एक शब्द काढला नाही. त्याने फक्त आपली श्रीखंडाची वाटी माझ्या ताटाकडे सरकवली आणि पुरी खात बसला.