कपाळावरचे खड्डे

काळाचौकीच्या आमच्या बैठकीला नियमित येणारी एक मैत्रीण मधले तीन महिने दिसली नाही. आली ती डोक्यावरून ओढणी पुढे ओढूनच. उजव्या भुवईपासून केसांपर्यंत नागीण उठून गेली होती. मागे राहिले होते खोल, पांढुरके खड्डे, टिकलीच्या जागेपर्यंत येऊन थांबलेले. दादरला कापडाच्या दुकानात ती विक्रीला उभी राहते. मालकाने तिला गिऱ्हाइकांसमोरून काढून मागच्या कोठीत घड्या घालायला बसवले. चाळीत कुणीतरी ‘एड्स’ची कुजबुज सोडून दिली. या खड्ड्यांवर काही इलाज असतो का, एवढेच तिला विचारायचे होते.

आमच्यातल्या एकीने लगेच सांगितले, “अगं, चेहऱ्यात काय आहे? आहेस तशी छान आहेस.” आपल्या सगळ्यांच्याच तोंडी हे वाक्य असते. गोरेपणाच्या क्रीमवर आपण बोलतो, १९९६ च्या बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेला झालेल्या विरोधाचे दाखले देतो. ती शांतपणे म्हणाली, “ताई, मला सुंदर नाही व्हायचंय. कपाळाला काय झालं, हे रोज कुणी विचारू नये, एवढंच हवंय.” आजाराने केलेले नुकसान भरून मागणाऱ्या बाईला आपण सौंदर्याच्या बाजारातली गिऱ्हाईक समजलो, ही चूक आमची होती.

नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दबा धरून राहतो आणि प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो, म्हणून फोड मध्यरेषेशी थांबतात. तोंड-शेपूट जुळली की माणूस दगावतो, ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. त्या भीतीपायी गेरू लावणाऱ्याकडे आणि मंत्र घालणाऱ्याकडे धाव घेतली जाते. हिचेही पहिले पाच दिवस त्यातच गेले. खरे दुखणे इथे आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या सुरू झाल्या तर फोड लवकर सुकतात. उशीर झाला, फोड खरवडले गेले, पिकले, तर जखम खोल जाते आणि खड्डा पडतो. (हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल मिळाले. तरुणपणी, बाई म्हणून, प्रयोगशाळांनी त्यांना दारातूनच परत पाठवले होते.) कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे, दृष्टी जाऊ शकते.

आता खड्ड्यांचे. त्वचा खालच्या घट्ट धाग्यांनी आत ओढली गेलेली असते. जागा बधिर करून, बारीक सुई आत घालून ते धागे सोडवतात. याला सबसिजन म्हणतात. फार खोल, अरुंद खड्डा कापून टाका घालतात. पृष्ठभागासाठी बारीक सुयांचा रोलर किंवा लेसर. फिलर भरले तर काही महिन्यांत विरघळते, पुन्हा पैसे. आपल्या सावळ्या कातडीवर लेसरने काळे डाग उठू शकतात, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. बैठका अनेक लागतात, खड्डा उथळ होतो, पुसला जात नाही. आणि ती जागा अजून आग होत असेल, शिणका मारत असतील, तर आधी त्या वेदनेचा इलाज व्हायला हवा. “आता बरी झालीस की” म्हणून ही वेदना उडवून लावली जाते.

परळच्या केईएममध्ये त्वचा आणि प्लास्टिक सर्जरी असे दोन्ही विभाग आहेत. तरीही बायका खासगी ‘स्किन क्लिनिक’मध्ये जातात, कारण “हे कॉस्मेटिक आहे, बाई” हे उत्तर त्यांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. हिने ते एका दवाखान्यात रांगेत सगळ्यांसमोर ऐकले. विमाही त्याच भाषेत बोलतो. २०१९ मध्ये विमा नियामकाने ठरवून दिलेल्या मजकुरानुसार रूप बदलणारा उपचार वगळला जातो. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा तब्येतीला थेट धोका असेल तर. नागिणीने पडलेला खड्डा यात कुठेच बसत नाही. आजाराचा उपचार कुठे संपतो आणि हौस कुठे सुरू होते, ही रेघ कुणी ओढली, हे आपण विचारायला हवे.

कुजबुजीबद्दलही एक. एचआयव्ही असलेल्यांना नागीण होण्याचा संभव जास्त असतो, पण नागीण हा त्याचा पुरावा नाही. २०१७ च्या कायद्याने, समजावून घेतलेल्या संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही. मालकाला तर ती मागण्याचा काहीच अधिकार नाही.

आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेल्या. सबसिजनची पहिली बैठक झाली, दुसरी पुढच्या महिन्यात आहे. दुकानात ती अजून कोठीतच बसते. मालकाला आम्ही पत्र दिले आहे, उत्तर आलेले नाही.