घरपट्टी घेता, मग मालकी का नाकारता?



ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा एकदा नीट वाचून पाहा. त्यात एक रकाना मालकाच्या नावाचा आहे, दुसरा भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा. घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी वसूल करायची असली की नाव कोणत्या रकान्यात आहे हे कोणी विचारत नाही. पंचायतीचा शिपाई बरोबर तुमच्याच दारात उभा राहतो. तोच उतारा घेऊन बँकेत जा. साहेब सांगतो, हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. कर भरताना तुम्ही मालक, कर्ज मागताना नुसते राहणारे!

संताप याचा की साहेब खोटे बोलत नाही. महसुली फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, ती नोंद सारा कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरती, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले आहे. फेरफाराची ही गत, तर पंचायतीच्या वहीची काय कथा?

मग घर विकत घेणाऱ्याची मालकी ठरते कशाने? मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 चा. त्याचे कलम 54 सांगते की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणी केलेले खरेदीखतच पाहिजे. तेव्हा शंभर रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात निंदणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी भागत नाही, पण आकडा जागचा हललेला नाही. म्हणजे पडक्या भिंतींची एक खोली घ्यायची तरी तालुक्याला दुय्यम निबंधकासमोर उभे राहणे आले. आणि आपण काय करतो? स्टँप आणतो, दोन साक्षीदार बसवतो, सरपंचाचा शिक्का घेतो आणि पेढे वाटतो. नुसत्या करारावर किंवा मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे 2011 साली त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले, तरी गावोगाव हाच धंदा चालू आहे.

दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? मी शेतकीचा पदवीधर. बियाण्याची पिशवी, लेबल आणि पक्के बिल जपून ठेवा, नाहीतर उगवण फसली तर तक्रार टिकणार नाही, असे गावोगाव सांगत फिरलो. आणि 2012 साली पहिले घर घेतले ते शंभराच्या स्टँपावर! विकणारा ओळखीचा, वयाने मोठा. नोंदणीचा खर्च कशाला, म्हणाला. पंचायतीत माझे नाव लागले, ते भोगवट्याच्या रकान्यात. मालकाच्या रकान्यात तोच राहिला. पुढे तो वारला. दुरुस्तीसाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा डोळे उघडले. मग त्याची दोन मुले आणि सासरी गेलेली मुलगी यांच्या सह्यांसाठी चार वर्षे खेटे घातले. धाकट्याने सहीचे वेगळे पैसे मागितले आणि मी मुकाट्याने दिले. बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला पक्के बिल मागणारा मी, घराला मागितले नाही.

पण सगळा दोष आपल्या अडाणीपणाचा, हे मी मान्य करणार नाही. शेत गुंठ्यागुंठ्याने मोजले, कारण शेतसारा हवा होता. गावठाणातून सारा मिळत नव्हता, म्हणून ते मोजायची कोणाला निकड वाटली नाही. 1966 च्या महसूल अधिनियमात गावठाणाच्या भूमापनाची तरतूद आहे. मोठ्या गावांत ते झालेही, पण लहान गावे तशीच राहिली. शहरातल्या माणसाच्या हातात घराची आखीव पत्रिका, आपल्या हातात पट्टीची पावती.

आता ड्रोन आला आहे. 24 एप्रिल 2020 ला केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली, आपल्याकडे ती गावठाण जमाबंदी म्हणून चालते. घरांच्या हद्दी चुन्याने आखतात, वरून फोटो घेतात, मग चौकशी होऊन मालमत्ता पत्रक आणि सनद. चांगली गोष्ट आहे, मी विरोध करणार नाही. पण ड्रोनला छप्पर दिसते, छपराखालचा व्यवहार दिसत नाही. चौकशीच्या वेळी पंचायतीची वही उघडली जाणार. तिथे विकणाऱ्याचे नाव असेल आणि तुम्ही त्या दिवशी कापूस वेचायला गेला असाल, तर पत्रक कोणाच्या नावाने निघेल? आजवर कागद नव्हता; उद्या कागद असेल, पण दुसऱ्याच्या नावाचा. नंतर तो दुरुस्त करायचा म्हणजे भूमी अभिलेखच्या पायऱ्या झिजवणे आले.

म्हणून चौकशीची नोटीस लागली की वेचणी एक दिवस थांबवा, पण खरेदीखत घेऊन हजर राहा. खरेदीखत नोंदलेले नसेल तर विकणारा जिवंत आहे तोवर नोंदवून घ्या. जमेल तर बाईच्या नावाने घ्या. घराची खरेदी केवळ महिलेच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत 2021 पासून आहे.

आणि सरकारला आपले मागणे सरळ आहे. शेतजमिनीची खरेदी नोंदली की निबंधकाने ती महसूल खात्याला कळवायची, असे कायद्यात आहे. मग गावठाणातल्या घराची खरेदी नोंदली की पंचायतीच्या वहीत नाव आपोआप का चढू नये? आज बहुतेक ठिकाणी खरेदीदारानेच अर्ज करायचा आणि ग्रामसेवक भेटण्याची वाट पाहायची. 2024 साली त्यांचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले. गावात भेटण्याचा वार मात्र अजून ठरलेला नाही.

जिल्हा बैठकीला येताना नमुना 8 चा ताजा उतारा आणि असेल तो खरेदीचा कागद घेऊन या. ज्यांच्या दोन रकान्यांत दोन वेगळी नावे आहेत, त्यांची गाववार यादी तिथेच करू आणि ती घेऊन सगळे मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.